द्राक्षांतील कीडनाशक अवशेष: नमुना तयार करताना रिकव्हरी कुठे पडते

खालची पद्धत क्वेचर्सची (द्रावक आणि क्षार वापरून नमुन्यातले अवशेष अर्कात ओढण्याची), सायट्रेट बफरवाली. ताज्या द्राक्षात पाणी भरपूर असते, त्यामुळे ती इथे चांगली बसते. रिकव्हरी, म्हणजे नमुन्यात मुद्दाम घातलेल्या कीडनाशकापैकी मोजणीत परत सापडलेला वाटा, ७० ते १२० टक्क्यांत आली नाही की बहुतेक जण आधी यंत्राकडे बघतात. दोष बऱ्याचदा ट्यूबमध्येच असतो.

नमुना किमान २ किलो आणि निरनिराळ्या घडांचा हवा. देठ काढा, पण मणी धुऊ नका. मणी गोठवून ड्राय आइससोबत दळा. साध्या मिक्सरमध्ये लगदा तापतो, डायक्लोरव्हॉस (कीटकनाशक) उडून जातो आणि कॅप्टानही (बुरशीनाशक) कमी होतो. लगद्यात सालीचे तुकडे दिसत असतील तर पुन्हा दळा: फवारा सालीवर बसतो, त्यामुळे एका ट्यूबमध्ये साल जास्त गेली की एकाच लगद्यातून तोललेल्या दोन भागांचे आकडे जुळत नाहीत. दळल्यावर डबा झाकण सैल ठेवून फ्रीझरमध्ये ठेवा. कार्बन डायऑक्साइड निघून गेल्याशिवाय वजन करू नका आणि झाकण घट्ट लावू नका.

५० मिलीच्या ट्यूबमध्ये १० ग्रॅम लगदा घ्या. रिकव्हरी तपासायची असेल तर ०.०१ मिग्रॅ/किलो पातळीसाठी कीडनाशकाच्या १ मायक्रोग्रॅम/मिली द्रावणाचे १०० मायक्रोलिटर थेट लगद्यावर टाका आणि अर्धा तास मुरू द्या. मग १० मिली अ‍ॅसिटोनायट्राइल आणि अंतर्गत प्रमाणक (मोजणी पडताळायला ठराविक मात्रेत घातलेले संयुग) म्हणून ट्रायफिनाइल फॉस्फेट घालून एक मिनिट जोरात हलवा.

आता क्षार: ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, १ ग्रॅम मीठ, १ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, ०.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट. क्षार पडले की त्याच क्षणी हलवायला लागा. सल्फेट पाणी शोषताना तापते आणि दगडासारखा गोळा बांधते. दहा ट्यूबमध्ये क्षार टाकून मग पहिली उचलली तर तिच्यात गोळा झालेला असणारच. एक मिनिट हलवून पाच मिनिटे सेंट्रिफ्यूज करा.

खरी गुंतागुंत पीएचची आहे. सायट्रेट तो ५ ते ५.५ च्या आसपास धरून ठेवते. कॅप्टान, फोलपेट, क्लोरोथॅलोनिल ही बुरशीनाशके अल्कधर्मी द्रावणात टिकत नाहीत. पुढच्या सफाईत (सेंट्रिफ्यूजनंतर वर आलेल्या द्रावकाच्या थराच्या दर मिलीला २५ मिग्रॅ पीएसए, म्हणजे नको असलेली द्रव्ये शोषणारी अमाइनयुक्त पूड, आणि १५० मिग्रॅ मॅग्नेशियम सल्फेट) पीएसए फळातली सेंद्रिय आम्ले ओढून घेते आणि अर्काचा पीएच ८ च्या वर जाऊ शकतो. म्हणून ३० सेकंद हलवून, सेंट्रिफ्यूज करून अर्क लगेच वेगळा काढा आणि दर मिलीला ५ टक्के फॉर्मिक आम्लाचे (अ‍ॅसिटोनायट्राइलमधले) १० मायक्रोलिटर घाला. पीएसएवर अर्क रात्रभर ठेवला तर सकाळी कॅप्टान शोधू नका. २,४-डी सारखी आम्लधर्मी तणनाशके मात्र पीएसएलाच चिकटतात. त्यांच्यासाठी सफाईआधीचा अर्क थेट एलसी-एमएसला (द्रव क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्रीचे यंत्र) द्या.

काळ्या द्राक्षांचा रंग घालवायला ग्राफाइटी कार्बन वापरण्याचा मोह होतो. तो थायाबेंडाझोल, हेक्झाक्लोरोबेंझीनसारखे सपाट रेणूही धरून ठेवतो. अर्कात थोडा रंग उरलेला बरा.

रिकव्हरी सगळ्याच संयुगांची पडली तर द्रावकाचे माप आणि लगद्याचे वजन तपासा. फक्त कॅप्टान पडला तर पीएच आणि जीसीचे (वायू क्रोमॅटोग्राफचे) तापलेले इनलेट बघा: तिथे तो टेट्राहायड्रोफ्थॅलिमाइडमध्ये मोडतो, म्हणून दोन्ही मोजा. आकडे सगळे वर गेले तर कॅलिब्रेशन अवशेषमुक्त द्राक्षाच्या अर्कात केले आहे का, ते पाहा.

बेदाण्यात पाणी फारच कमी असते. ५०० ग्रॅम बेदाण्याला ८५० ग्रॅम पाणी घालून दळा आणि १३.५ ग्रॅम लगदा घ्या. त्यात बेदाणा ५ ग्रॅमच आहे, हिशेबात तोच धरा.

मॅन्कोझेब (डायथायोकार्बामेट गटातले बुरशीनाशक) या पद्धतीत येत नाही. रस लागताच डायथायोकार्बामेट मोडू लागतात, म्हणून त्यासाठी मणी न दळता वेगळे ठेवा आणि स्टॅनस क्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्लात तापवून निघणारा कार्बन डायसल्फाइड मोजा.