तालमीआधी एक पान

१८४३ पासून नाटकं करणाऱ्या सांगलीत मानधनाची बोलणी बऱ्याचदा प्रयोगानंतर, टेम्पोत सेट चढवताना होतात. तिथंच घोळ होतो. पहिल्या वाचनाआधीच एक पान करा: काम, तालमीचे दिवस, रक्कम, कधी मिळणार, प्रयोग रद्द झाला तर किती. ८०० रुपये लिहिले, तर जेवण-प्रवास त्यातच की वेगळा, हेही लिहा. मसुदा निर्मात्याने एकट्याने करू नये. प्रकाशवाला, नेपथ्यवाला, मेकअपवाला सोबत बसवा. 'ठरेल तसं' हे शब्द तर नकोतच, उधारी तिथूनच सुरू होते. पान मोठ्या अक्षरात तालमीच्या हॉलमध्ये लावा. नवखी पोरं सगळ्यांसमोर बोलत नाहीत, म्हणून चिठ्ठ्यांचा डबा ठेवा; तो दर शनिवारी संस्थेबाहेरच्या माणसाने उघडायचा. दोन प्रयोगांनंतर पान पुन्हा वाचा, खोडा, बदला.