एएफएमचे चित्र वाचायला शिकताना

एमएस्सीच्या प्रकल्पात मला एएफएमने, म्हणजे अणुबल सूक्ष्मदर्शकाने (atomic force microscope), सोन्याच्या 5 नॅनोमीटर व्यासाच्या कणांची मापे घ्यायची होती. ताज्या सोललेल्या अभ्रकावर कण धरून ठेवणाऱ्या पॉलिलायसिन या रसायनाचा थर देऊन त्यावर कण बसवले, पहिले चित्र मिळताच प्रत्येक ठिपक्याची रुंदी मोजली आणि नोंदवहीत 'व्यास सुमारे 20 नॅनोमीटर' असे ठामपणे लिहून टाकले. मार्गदर्शकांनी वही परत केली, ती समासात 'उंची किती?' एवढेच लिहून. उंची 5 नॅनोमीटरच भरत होती.

बिनिग, क्वेट आणि गेर्बर यांनी 1986 साली मांडलेल्या या सूक्ष्मदर्शकात भिंगातून पाहणे नसते. लवचिक पट्टीच्या टोकाची सुई पृष्ठभागावरून फिरते आणि पट्टीची हालचाल तिच्यावरून परावर्तित होणाऱ्या लेसर किरणावरून टिपली जाते. सुईला आपण अणकुचीदार म्हणत असलो, तरी तिच्या टोकाची त्रिज्या साधारण 10 नॅनोमीटर असते, म्हणजे माझ्या कणांपुढे ती बोथटच होती. टोक कणाच्या माथ्यावर पोहोचण्याआधीच त्याची कड कणाला टेकते, आणि उतरतानाही तेच घडते. म्हणून कण आडवा फुगलेला दिसतो, पण माथ्याची उंची बरीचशी खरी राहते. गोल टोक आणि गोल कण धरून भूमितीचे साधे गणित मांडले, तर रुंदी नेमकी 20 नॅनोमीटर येते. हे गणित मी आधी केले असते, तर वही परत आली नसती.

टोक तुटले असेल तर फसगत आणखी वाढते. चित्रातले सगळे कण एकाच दिशेला टोक केलेल्या त्रिकोणांसारखे दिसू लागले, की नवा आकार सापडल्याचा आनंद आवरून नमुना काटकोनात फिरवावा. त्रिकोण नमुन्याबरोबर फिरले नाहीत, तर ते सुईचे आहेत. रंगांचे तर बोलायलाच नको, ते संगणकाने उंचीनुसार भरलेले असतात.

वर्णन लिहिताना 'गोल कण' असे न लिहिता 'इतक्या उंचीचे, वरून वर्तुळाकार दिसणारे उंचवटे' असे लिहावे आणि किती उंचवटे मोजले, सुई कोणती होती, हेही नोंदवावे. वाक्य रुक्ष होते, पण त्यात पाहिलेले आणि मानलेले वेगळे राहते.

आजही नवी सुई बसवली, की मी आधी ग्रॅफाइटच्या एका थराची पायरी मोजतो. ती 0.34 नॅनोमीटरच्या जवळपास आली नाही, तर त्या दिवशी नमुन्याला हात लावत नाही.