नव्या चित्रकारांसाठी काम करायचंय? मग स्टुडिओत पुन्हा पुन्हा जा

क्युरेटर (प्रदर्शनासाठी कामं निवडून मांडणारा) म्हणून या, गॅलरीत नोकरीला लागा किंवा कलेवर लिहा. काम शेवटी एकच. ज्याला अजून कोणी ओळखत नाही अशा चित्रकाराचं काम वेळेवर बघायचं आणि ते बघू शकणाऱ्या माणसांपर्यंत न्यायचं. मी गॅलरीत सहायक म्हणून लागले तेव्हा चित्रं टांगणं, लेबलं लावणं, प्रदर्शन उतरल्यावर सगळं पुन्हा बांधून ठेवणं एवढंच हातात होतं. नव्याने येणाऱ्यांनी हे काम आनंदाने करावं. पाहुणा चित्रासमोर दोन मिनिटं थांबतो, टांगणाऱ्याला ते आठवडाभर दिसत राहतं. तिसऱ्या दिवशी फिकी पडणारी चित्रं कोणती आणि पाचव्या दिवशी उघडत जाणारी कोणती, हे तिथेच कळायला लागतं.

शोधायला कुठे जायचं? कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांना. मुंबईचं जे.जे. कला महाविद्यालय तर बघाच, पण नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, कोल्हापूरचं कलानिकेतन, पुण्याचं अभिनव, पणजीचं गोवा कला महाविद्यालय हेही बघा. मुंबईतले बरेच जण गॅलऱ्यांच्या काळा घोडा भागापलीकडे जात नाहीत, आणि त्यामुळे किती चांगलं काम नजरेआड राहतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

महाराष्ट्रात तयार हाताची कमतरता नाही. व्यक्तिचित्र, निसर्गचित्र उत्तम करणारी मुलं प्रत्येक वर्गात भेटतात. तेव्हा नुसतं कौशल्य बघून हुरळून जाऊ नका. भिंतीवर बहुतेक वेळा परीक्षेसाठी केलेलं काम असतं, स्केचबुक मागा. कोणी सांगितलं नसताना हा मुलगा कशाकडे वळतो, ही मुलगी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा का काढते, हे त्यात दिसतं. मग सहा महिन्यांनी स्टुडिओत जा. स्टुडिओ म्हणजे अनेकदा भाड्याच्या खोलीतला कोपरा असतो. स्केचबुकात दिसलेली ती ओढ अजून जिवंत आहे का आणि काम थोडं तरी पुढे सरकलंय का, एवढंच बघा. एका भेटीत कोणाला ‘उद्याचा मोठा चित्रकार’ ठरवू नका आणि एका भेटीत कोणाला यादीतून काढूनही टाकू नका.

प्रभाकर पाचपुते यांचं उदाहरण मी नेहमी देते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा हा चित्रकार, घरच्यांचं आयुष्य कोळशाच्या खाणीशी बांधलेलं. खैरागड आणि बडोद्याला शिकून आल्यावर तो थेट भिंतींवर चारकोलने, म्हणजे चित्रकलेच्या कोळशाच्या कांडीने, खाणकामगार काढू लागला. विषय खाणीचा आणि साधनही कोळशाचंच. अशी चित्रं घरी नेता येत नाहीत, मग ती विकणार कशी? तरीही मुंबईत रिगल सिनेमासमोरच्या क्लार्क हाऊस इनिशिएटिव्ह या कलाजागेने 2012 मध्ये त्याचं एकल प्रदर्शन केलं. ही जागा दोन तरुण क्युरेटरांनी 2010 मध्ये सुरू केली होती. पुढे 2022 मध्ये व्हेनिस बिएनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलामेळ्याच्या मुख्य प्रदर्शनात त्याचं काम होतं. ‘विकलं जाईल का’ हा प्रश्न क्लार्क हाऊसने आधी विचारला असता, तर ते प्रदर्शन कदाचित झालंच नसतं.

अनोळखी चित्रकाराला हेरून पुढे आणायची ही परंपरा मुंबईत जुनी आहे. घरकाम करत, मोटारी धुत चित्रं काढणाऱ्या के. एच. आरांना टाइम्स ऑफ इंडियाचे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी हेरलं. पुढे आरांनी आर्टिस्ट्स सेंटर ही चित्रकारांची संस्था सांभाळली आणि नव्या मुलांना हात दिला. केकू गांधींचा धंदा चित्रांच्या फ्रेमचा. त्यातून 1963 मध्ये जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उभी राहिली.

आता पुढे आणण्याचं काम. ते बरंचसं कागदाचं आहे आणि मला ते मनापासून आवडतं. प्रत्येक चित्राचा सरळ, चकाकी न आलेला फोटो, त्याखाली शीर्षक, माध्यम, माप, वर्ष. मापात उंची आधी. हे नीट नसल्यामुळे चांगल्या मुलांचे अर्ज मागे पडतात. स्टेटमेंट, म्हणजे चित्रकाराने आपल्या कामाबद्दल लिहिलेलं टिपण, आधी मराठीत लिहून घ्या. विदर्भातल्या मुलाला इंग्रजीत ‘अस्मिता’ आणि ‘अवकाश’ यांवर लिहायला लावलं की त्याचं स्वतःचं म्हणणं हरवतं. बोलतं करा, लिहून घ्या, मग भाषांतर करा. राज्य कला प्रदर्शन, बॉम्बे आर्ट सोसायटी, ललित कला अकादमीच्या शिष्यवृत्त्या, इनलॅक्स फाउंडेशनचे पुरस्कार, कोचीची विद्यार्थ्यांसाठीची स्टुडंट्स बिएनाले यांच्या तारखा एका वहीत ठेवा आणि मुलांना आठवण करत राहा.

पैशाबद्दल पहिल्याच भेटीत बोला. खासगी गॅलरी विक्रीतला तिसरा हिस्सा ते निम्मा घेते. फ्रेम, वाहतूक, कॅटलॉगचा खर्च कोणाचा, हे लेखी हवं. ताब्यात घेतलेल्या प्रत्येक चित्राची सही केलेली पावती द्या. तयार चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट, वेगळा लेखी करार नसेल तर, चित्रकाराकडेच राहतो. ही गोष्ट पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही माहीत नसते, म्हणून तुम्ही सांगा. आणि किंमत चढवायची घाई करू नका. 2008 च्या आधी कलाबाजारातल्या तेजीत कित्येक तरुणांच्या किमती भराभर वाढवल्या गेल्या. मंदी आली तेव्हा खरेदीदार गेले, आणि ज्यांचा भाव एकदा पडला त्यांना पुन्हा उभं राहणं फार जड गेलं. किंमत वाढवता येते, खाली आणली की जुना खरेदीदार दुखावतो.

पहिल्या एकल प्रदर्शनाला सगळे येतात. दुसऱ्या प्रदर्शनापर्यंतची दोन-तीन वर्षं मात्र बिकट असतात: नोकरी लागते, खोली सुटते, रंग परवडत नाहीत, घरून लग्नाचा तगादा. मुली या टप्प्यावर सर्वांत जास्त गळतात. तेव्हा तुमचा फोन गेला पाहिजे. एखादी रेसिडेन्सी (काही काळ राहून काम करायची सोय) सुचवा, शिकवण्याचं काम मिळवून द्या, न विकलेली चित्रं ठेवायला कोरडी जागा बघा. आपल्याकडच्या पावसात कागदावरची कामं बुरशीने एका मोसमात जातात.

तुम्हाला स्वतःला सुरुवातीला पगार कमी मिळेल. शक्य असेल तर दोन दिवस शिकवा, अनुवाद करा, पण स्टुडिओभेटीचा दिवस राखून ठेवा आणि प्रत्येक भेटीनंतर त्याच रात्री तारीख घालून टिपण लिहा. पुढच्या भेटीला निघण्याआधी ते वाचून जा.