सरासरी नको, शेपटी बघा

एनएस-३ या नेटवर्क-सिम्युलेटरमध्ये अग्निशमन दलाच्या पुश-टू-टॉकचं (बटण दाबून बोलायच्या सेवेचं) सिम्युलेशन करताय? दहा वेळा चालवून दहाही वेळा आकडा तोच आला, तर खूश होऊ नका. यादृच्छिक आकडे ठरवणारे सीड (बीज-आकडा) आणि रन (फेरीचा क्रमांक) दोन्ही मुळात १ असतात, म्हणून तोच डाव पुन्हा पुन्हा पडतो. सीड तसाच ठेवा. ‘आरएनजी-रन’, म्हणजे तो रन-क्रमांक, दरवेळी बदला, निदान तीसपर्यंत. मग सगळ्या कॉलचा उशीर चढत्या क्रमाने लावा आणि ९५ टक्के कॉल ज्याच्या आत बसतात तो आकडा वाचा. मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीची अटही तशीच आहे: बटण दाबल्यापासून बोलायला मिळेपर्यंत ९५ टक्के वेळा ३०० मिलिसेकंदांच्या आत. सरासरी १८० दिसते, पण शेपटीतले, म्हणजे सगळ्यात उशिराचे, चार कॉल सेकंदभर लटकलेले असतात. धुराने भरलेल्या जिन्यातला जवान नेमका त्या चारांतला!