बँडच्या गाण्यात व्हायोलिन-चेलो बसवायचेत? मग आधी गिटार कमी करा

आमचा बँड कुडाळचा, चौघांचा, दोन गिटार, बेस, ड्रम्स आणि गातो मीच. अल्बममधल्या तीन गाण्यांना स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिन, त्याहून जरा मोठा व्हायोला आणि चेलो ही गजाची वाद्यं, हवेत असं ठरवलं तेव्हा आमच्यातल्या एकालाही स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचं पाश्चात्त्य नोटेशन, धड वाचता येत नव्हतं. काम झालं शेवटी, पण त्यात जवळजवळ वर्ष गेलं आणि अर्धा वेळ चुका निस्तरण्यात गेला, त्या चुका तुमच्या टळाव्यात म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच दिवशी केली. गाणं पूर्ण मिक्स करून ठेवलेलं, दोन्ही डिस्टॉर्शन (फाटल्यासारख्या आवाजाच्या) गिटार फुल चालू, आणि त्यावर कीबोर्डचा स्ट्रिंग्जचा टोन लावून जाडजूड कॉर्ड दाबून धरल्या. डबलबारीला, म्हणजे भजनाच्या सामन्यांना, पेटी वाजवणारे शेजारचे काका आहेत त्यांना मोठ्या हौसेने ऐकवलं तर ते म्हणाले, "सगळा ठीक आसा रे, पण गळो खंय ऐकाक येता?" मग पेटी पुढ्यात ओढून दाखवलंच त्यांनी, बुवा गात असतात तेव्हा पेटी मागून नुसती धरून असते, बुवा दम घ्यायला थांबले की तेवढ्याच जागेत पेटी बोलते आणि बुवांनी तोंड उघडलं की परत मागे. स्ट्रिंग्जचं निम्मं अरेंजमेंट मला तिथे पडवीत बसून कळलं, बाकी निम्मं यूट्यूबवर.

तर पहिलं काम म्हणजे गाण्याचा कच्चा डेमो लावा आणि कागदावर फक्त एवढंच लिहा की गाणारा कुठे थांबतो. ओळ संपल्यावर दोन मात्रा, कडवं संपल्यावर एक बार (तालाचा एक खण), जे असेल ते. स्ट्रिंग्जच्या सुरावटी त्या जागांत जाणार, बाकी ठिकाणी ते लांब सूर धरणार नाहीतर गप्प बसणार. आणि जिथे स्ट्रिंग्ज हवेत तिथे एक गिटार काढा. खरंच काढा, नुसता आवाज कमी करून भागत नाही, कारण डिस्टॉर्शनमुळे गिटारचे वरचे हार्मोनिक्स (मूळ सुरासोबत वाजणारे वरचे उपसूर) एवढे फुगतात की व्हायोलिनची सगळी जागा तेच खातात. आमच्या गिटारवाल्याने यावर आठवडाभर अबोला धरला होता, पण बीटल्सच्या १९६६ च्या 'एलेनर रिग्बी'त चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो एवढेच आहेत, गिटार नाही, बेस नाही, ड्रम्स पण नाहीत, हे सांगितल्यावर जरा निवळला.

आता सुरावट कशी काढायची. कीबोर्डवर बसू नका, तोंडाने गा. डेमो लावून मोबाईलवर गुणगुणत रेकॉर्ड करा, दहा वेळा करा, त्यातलं जे दुसऱ्या दिवशी आपोआप तोंडात येईल ते ठेवा. गुणगुणण्याचा फायदा असा की आपला श्वास मध्ये संपतो, आणि व्हायोलिनच्या गजाचं पण तसंच असतं, गज कधीतरी संपतो आणि उलटा फिरवावा लागतो. कीबोर्डवर बोट ठेवलं की सूर संध्याकाळपर्यंत चालतो म्हणून तिथे काढलेल्या ओळी खऱ्या वाद्यावर निर्जीव वाटतात.

मग खालचे सूर. आमचं एक कोरस बघा, ई मायनर, सी, जी, डी, लाखो गाण्यांत असतात त्याच चार कॉर्ड. मी आधी कॉर्ड बदलली की तिन्ही आवाज उचलून दुसरीकडे टाकत होतो आणि ते शाळेच्या कवायतीसारखं वाटायचं. खरा उपाय म्हणजे प्रत्येक वाद्याने जवळात जवळ जायचं. पहिलं व्हायोलिन बी, सी, बी, ए. दुसरं व्हायोलिन जी, जी, जी, एफ शार्प. व्हायोला ई, ई, डी, डी. बघा, कुणीच एका पायरीपेक्षा जास्त हलत नाही, तरी चारही कॉर्ड पूर्ण होतात, आणि तो शेवटचा एफ शार्प परत जी या सुरावर जायला तडफडत असतो म्हणून फेरी पुन्हा सुरू होते ती ओढल्यासारखी होते. चेलोला मुद्दाम कॉर्डचं मूळ दिलं नाही, ते बेस गिटार वाजवतेच आहे. चेलो अगदी खालच्या सीपर्यंत जातो, सुमारे ६५ हर्ट्झ, आणि तिथे बेस आणि किक ड्रम आधीच गर्दी करून बसलेले असतात, सगळा चिखल होतो. चेलोला मधल्या पट्टीत आणा आणि गाणारा थांबतो तिथली सुरावट त्याला द्या, तिथे तो माणसासारखा बोलतो.

याच कोरसमध्ये माझी फजिती झाली ती पण सांगतो. आधी मी हे सगळं एक सप्तक खाली लिहिलं होतं. कीबोर्डवर मस्त वाजत होतं. व्हायोलिनवाली बाई आली, कागद बघितला, आणि म्हणाली हा एफ शार्प माझ्याकडे नाहीच. व्हायोलिनची सगळ्यात खालची मोकळी तार जी, १९६ हर्ट्झ, त्याच्या खाली काही नाही, संपलं. कीबोर्डला वाद्याच्या मर्यादा माहीत नसतात. म्युझस्कोअर हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात लिहा, रेंजच्या बाहेर गेलात की तो सूर लाल दाखवतो.

आणि ट्यूनिंग! याच्यावर आमचा एक अख्खा दिवस वाया गेला. आम्ही गिटार अर्धा सूर खाली लावतो, माझा गळा वर पोचत नाही म्हणून, आणि सवयीने सगळे त्याला ई मायनरच म्हणतो. नोटेशन पण ई मायनरमध्येच दिलं. सेशनला पहिला टेक लावला आणि आईशप्पथ, कानात खिळा मारल्यासारखं झालं. खरं गाणं होतं ई फ्लॅट मायनरमध्ये, सहा फ्लॅट, आणि व्हायोलिनच्या जी, डी, ए, ई या चार मोकळ्या तारांपैकी एकही त्या स्केलमध्ये येत नाही. वाजवणारे वाजवतील, पण वाद्य खुलत नाही आणि सूर सांभाळण्यातच जीव जातो. म्हणून स्ट्रिंग्जचं गाणं असेल तर पट्टी आधी ठरवा, जी, डी, ए, ई मायनर असल्या पट्ट्यांत ही वाद्यं आपोआप घुमतात. आम्ही गिटार परत लावून सगळं पुन्हा रेकॉर्ड केलं आणि मी वर ताणून गायलो.

माणसं कुठे मिळणार? आमच्या भागात व्हायोलिन शिकलेले बहुतेक शास्त्रीयवाले. ते बसून वाजवतात, तारा सा-पा हिशोबाने लावलेल्या असतात आणि सरगम वाचतात, स्टाफ नाही. त्यांना कोपऱ्यात बसवून चौथा आवाज वाजवायला लावू नका, सोलो द्या, मींड त्यांच्याइतकी कुणाला येणार, आणि कागदावर सरगमच लिहून द्या. हार्मनीच्या ओळींसाठी आम्ही गोव्याकडे वळलो, मडगाव आम्हाला कोकण रेल्वेने मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. तिथे चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य संगीत पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलंय, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गोंयकार भरलेले असायचे ते त्यामुळेच, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचेच. व्हायोला वाजवणारा मात्र आम्हाला तिथेही मिळाला नाही. वरच्या कोरसमधली व्हायोलाची ओळ व्हायोलिनवर आरामात बसते, म्हणून तीच बाई तीनही ओळी वाजवून गेली.

एकच माणूस चार-पाच वेळा वाजवून घट्ट आवाज काढता येतो, पण एक लक्षात ठेवा, एकाच ओळीला दोन टेक कधीच ठेवू नका. दोघांमधला सूक्ष्म फरक अंगावर येतो. एक ठेवा नाहीतर तीन, तीन झाले की ते मिसळून जातं. प्रत्येक टेकला खुर्ची दोन हात सरकवा, माईक हलवू नका.

रेकॉर्डिंग घरीच केलं, जांभ्याच्या भिंतींचं जुनं माजघर, जमिनीवर गोधड्या. माईक वाद्याच्या वर चार-पाच फूट, जवळ लावला की नुसती गजाची खरखर येते. आणि पावसाळ्यात करू नका, हात जोडून सांगतो. आम्ही जुलैमध्ये पहिला प्रयत्न केला. कौलांवरचा पाऊस, रात्री बेडूक, लाईट गेली की लॅपटॉपची बॅटरी, हे सगळं एक वेळ चालेल, पण दमटपणाने गजाचे केस लांबतात आणि स्क्रू कितीही आवळला तरी ताण येत नाही, खुंट्या फुगून अडकतात, चेलोचा एका बाजूचा जोड सुटायला लागला तेव्हा त्याच्या मालकाचा चेहरा बघवत नव्हता. दिवाळीनंतर केलं, दोन दिवसांत आटोपलं.

वाजवणाऱ्यांना सेशनच्या आधी द्यायच्या गोष्टी: क्लिकसकट (लय मोजणाऱ्या टिकटिकीसकट) डेमो, क्लिकशिवाय डेमो, आणि प्रत्येकाची ओळ वेगवेगळी छापून, मोठ्या अक्षरात, पान उलटायची जागा विश्रांतीवर येईल अशी. बार नंबर टाका, नाहीतर "ते दुसऱ्या कोरसच्या आधीचं" यातच तास जातो. हेडफोन एकाच कानावर ठेवायला सांगा, दुसऱ्या कानाने त्यांना स्वतःचं वाद्य ऐकायचं असतं.

मिक्सला फार काही सांगण्यासारखं नाही. खालच्या फ्रिक्वेन्सी थोड्या कापा, रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) एकच ठेवा सगळ्यांना, आणि आवाज फार बारीक वाटला तर खाली कंप्युटरमधले स्ट्रिंग्ज हलकेच घाला, खरं व्हायोलिन वर राहू द्या. पैसे सेशन संपल्या संपल्या हातात द्या, जेवण घरचं द्या, आणि मडगावची परतीची गाडी किती वाजता ते आधी बघून ठेवा, आमचा चेलोवाला शेवटचा टेक स्टेशनच्या रिक्षाचा हॉर्न वाजत असताना देऊन गेला आणि तो हॉर्न अजून तिसऱ्या गाण्यात आहे.