सी किंवा सी++ प्रकल्पात रस्ट जोडताना लिंकर अडला तर

सगळं कंपाइल होतं आणि शेवटच्या पायरीवर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' येतो. अशा वेळी रस्टचा कोड पुन्हा वाचून काही हाती लागत नाही. लिंकरला (कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाला) भाषा कळत नाही, सिम्बॉलची, म्हणजे फंक्शन आणि व्हेरिएबल यांची, नावं कळतात. तेव्हा आधी नावंच बघा.

सुरुवात कार्गो डॉट टॉमलपासून (रस्ट प्रकल्पाच्या सेटिंगच्या फाइलपासून) करा. क्रेटचा, म्हणजे रस्टच्या पॅकेजचा, प्रकार 'स्टॅटिकलिब' किंवा 'सीडायलिब' हवा. नेहमीचा आरलिब (रस्टची अंतर्गत लायब्ररी) दुसऱ्या भाषेला द्यायचा नसतो, कारण रस्टचा स्वतःचा एबीआय (कंपाइल झालेल्या कोडने एकमेकांना हाक मारायची पद्धत) स्थिर नाही.

मग दोन्ही बाजूंच्या फाइलींवर 'एनएम' (फाइलीतल्या सिम्बॉलची यादी देणारा कमांड) चालवा. समजा, फंक्शनचं नाव 'ॲड' आहे. रस्टच्या बाजूला 'टी ॲड' दिसलं तर फंक्शन उपलब्ध आहे. नाव सापडलंच नाही, किंवा '_झेडएन' वा '_आर'ने सुरू होणारं लांबलचक काही दिसलं, तर 'नो मँगल' (नाव न बदलता ठेवण्याची खूण) राहिलंय (२०२४ एडिशनमध्ये ते 'अनसेफ'च्या कंसात लिहावं लागतं). सी++च्या बाजूला 'यू _झेड३ॲडआयआय' दिसलं (यू म्हणजे नाव हवंय, पण इथे नाही) तर चूक तिकडची: ३ ही नावातल्या अक्षरांची संख्या, दोन 'आय' म्हणजे दोन इंट. हेडरमधलं डिक्लरेशन 'एक्स्टर्न सी'मध्ये घाला. रस्टच्या फंक्शनलाही 'एक्स्टर्न सी' लावा. ते विसरलात तर लिंकर हूं की चूं करत नाही, प्रोग्राम मात्र चालताना कोसळू शकतो.

नावं जुळूनही तोच एरर येत असेल तर क्रम तपासा. जीएनयू लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून आधी ऑब्जेक्ट फाइली, मग रस्टची लायब्ररी, शेवटी सिस्टिमच्या लायब्रऱ्या. त्या नेमक्या कोणत्या हे अंदाजाने ठरवू नका. रस्टसीला (रस्टच्या कंपायलरला) 'प्रिंट नेटिव्ह-स्टॅटिक-लिब्ज' हा पर्याय दिला की तो यादीच छापतो.

'मल्टिपल डेफिनिशन' (एकच नाव दोनदा) हा एरर आला आणि रस्टच्या दोन स्टॅटिक लायब्रऱ्या जोडलेल्या असतील, तर दोन्हींत स्टँडर्ड लायब्ररीची प्रत आहे. दोन्ही क्रेट एका वरच्या क्रेटमध्ये घेऊन एकच लायब्ररी काढा. डुप्लिकेट सिम्बॉल चालवून घेणारा फ्लॅग लावू नका, त्याने दुखणं फक्त झाकलं जातं.

बिल्ड झालं, पण दुसऱ्या मशीनवर 'जीलिबसी २.३४ नॉट फाउंड' आलं, तर तो लिंकरचा नव्हे, लोडरचा (प्रोग्राम सुरू होताना लायब्रऱ्या जोडणाऱ्याचा) एरर. बिल्ड मशीनवरची जीलिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) नवी आहे. ज्या सर्वांत जुन्या सिस्टिमवर चालवायचं, तिच्यावर किंवा तिच्या कंटेनरमध्ये बिल्ड करा. मसल (जीलिबसीऐवजी वापरायची दुसरी सी लायब्ररी) टार्गेटही चालेल. मग सीचे भागही मसलसाठीच कंपाइल करावे लागतील.