पेडल स्टीलसाठी हलका अँप कसा निवडावा

पेडल स्टील, म्हणजे पायांवर उभी, पेडलनं तारांचा स्वर बदलता येणारी आडवी गिटार, वाजवणाऱ्याला दोन ओझी वाहावी लागतात. एक वाद्याचं, केससकट वीस किलोच्या आसपास, आणि दुसरं अँपचं. फेंडरचा जुन्या पद्धतीचा ट्विन रिव्हर्ब २९ किलोचा, रोलंडचा जेसी-१२० हा २८ किलोचा. इंदुरात रामबागेतल्या माझ्या घराला लिफ्ट नाही. कार्यक्रमाच्या रात्री एक वाजता परत आल्यावर हे सगळं दोन मजले चढवायचं, तेही पन्नाशी उलटल्यावर. कंबरेनं एकदा जाब विचारला, तेव्हापासून मी हलक्या अँपच्या मागे लागलो. स्वतःसाठी चार घेतले, हवाईन गिटार वाजवणाऱ्या मित्रांसाठी सात-आठ निवडून दिले.

या सगळ्या वर्षांत एक सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे की आता तो ऐकवत नाही: ‘अहो, कुठलाही छोटा गिटार अँप घ्या, आवाज आला म्हणजे झालं.’ झालं नाही. साध्या इलेक्ट्रिक गिटारवाल्याला अँप थोडा दाबल्यावर आवाज फाटलेला हवा असतो, आणि बरेच छोटे गिटार अँप त्याच हिशेबानं बनवलेले असतात. स्टीलचा स्वर मुळात लांब, गुळगुळीत, गळ्यासारखा. तो जरासा फाटला तरी लगेच कानाला टोचतो. आपल्याला हवा तो शेवटपर्यंत स्वच्छ राहणारा अँप, आणि तोही हलका. मांडीवरची हवाईन गिटार वाजवणाऱ्यांनाही पुढचं जवळजवळ सगळं लागू आहे.

आधी वजनाची मर्यादा ठरवा. माझी १२ किलो आहे. घरच्या वजनकाट्यावर तांदळाचं पोतं ठेवून तेवढं भरा, एका हातात धरून जिना चढा, म्हणजे तुमचा आकडा कळेल.

मग कुठे वाजवणार ते ठरवा. घरच्या रियाजाला २०-३० वॅट पुष्कळ. तबला, कीबोर्ड आणि गायक अशा मैफलीला ५० ते १०० चालतात. ड्रमसेट शेजारी असेल तर हलक्या अँपांत १०० च्या खाली मी जात नाही, २०० मिळाले तर उत्तम. हे वॅट आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे, हवेत. खोक्यावर पीएमपीओ किंवा ‘पीक’ लिहिलेला मोठा आकडा असेल तर तो वाचूही नका. रवींद्र नाट्यगृहासारख्या सभागृहात श्रोत्यांपर्यंत आवाज पोचवायचं काम तिथली साउंड सिस्टिम करते, तुमचा अँप फक्त मंचापुरता असतो. त्यामुळे सभागृह मोठं म्हणून अँप मोठा घ्यायची गरज नाही.

वजन नेमकं कुठून कमी केलंय, हे विक्रेत्याला विचारा. तीन जागा असतात. पहिली ट्रान्सफॉर्मर. जुन्या अँपमध्ये आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारा लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असतो, तो काही किलोंचा. नव्या अँपमधला वीजपुरवठा सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद होतो, म्हणून त्याला मुठीत मावणारा ट्रान्सफॉर्मर पुरतो. त्याच्या जोडीला क्लास डी पद्धतीचं सर्किट असतं. ते कमी तापतं, त्यामुळे उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमची जड पट्टीही लहान होते. दुसरी जागा स्पीकरचं चुंबक. फेराइटऐवजी निओडिमियम असेल तर स्पीकरचं वजन निम्म्यावर येतं. तिसरी जागा अँपच्या पेटीचं लाकूड. पहिल्या दोन ठिकाणी वजन कमी झालं तर आनंदानं घ्या. तिसऱ्या ठिकाणी सावध राहा. पातळ, आखूड पेटीत खालचे स्वर पोकळ होतात आणि एखाद्या स्वराला पेटीच खडखडते.

फेंडरनं २०१९ मध्ये आणलेला टोन मास्टर ट्विन रिव्हर्ब हे याचं चांगलं उदाहरण. बाहेरून जुन्या ट्विनसारखाच, आत डिजिटल सर्किट, २०० वॅट, निओडिमियमचे स्पीकर आणि वजन १५ किलो. माझ्या मर्यादेबाहेर आहे, पण २९ किलोवरून १५ वर येणं ही थोडी गोष्ट नाही.

स्पीकरचा आकार: स्टील ई-९ या सुरावटीत लावणारे १२ इंचांवर सुखानं राहतील, कारण त्यांची सर्वांत खालची तार १२३ हर्ट्झच्या जवळ असते. सी-६ या दुसऱ्या सुरावटीवाल्यांची तार ६५ हर्ट्झपर्यंत उतरते, त्यांनी १५ इंची ऐकल्याशिवाय निर्णय घेऊ नये. स्पीकरची संवेदनशीलताही बघा, म्हणजे एका वॅटवर एक मीटर अंतरावर तो किती डेसिबल वाजतो. ९९ डेसिबलचा स्पीकर २५ वॅटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ९६ डेसिबलवाल्याला ५० वॅट लागतात.

आता खरी अडचण. इथे मी स्वतः पैसे घालवले आहेत.

पहिला हलका अँप मी दुकानात दहा मिनिटं ऐकून घेतला. वर १०० वॅट लिहिलेलं, वजन नऊ किलो, दुकानातलीच गिटार लावून वाजवला, गोड वाटला. चार दिवसांनी एका वसाहतीच्या गणेशोत्सवात वाजवायला बसलो. संथ गाणं, अंतऱ्यानंतर लांबलचक तुकडा स्टीलवर. पाय व्हॉल्यूम पेडलवर दाबत गेलो आणि आवाज वाढेचना. आहे तिथेच चेपून बसला आणि पुढचा स्वर छेडला तसा चरचरला. साउंडवाला पोरगा मंचाशी येऊन म्हणाला, ‘काका, आपका साउंड फट रिया है.’ मी त्याच्यावरच चिडलो होतो, पण तो बरोबर होता. आवाज मिक्सरवर नाही, माझ्याच अँपमध्ये फाटत होता. मी पुढची सगळी गाणी अर्ध्या आवाजात वाजवली.

असं का होतं, ते नीट समजून घ्या, कारण दुकानदार हे सांगत नाही. स्टील वाजवताना आपण पाय साधारण अर्ध्यावर ठेवून तार छेडतो. स्वर विरायला लागला की पाय हळूहळू दाबतो, म्हणजे कानाला तो तेवढाच भरलेला ऐकू येतो. इथवर अँपवर फारसा ताण नाही. ताण येतो तो पाय पूर्ण खाली असतानाच पुढची तार छेडली गेली की. छेडण्याचा तो पहिला ठोका स्वराच्या पुढच्या भागापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि त्या क्षणी त्याला अडवायला पेडल मध्ये नसतं. त्यात तीन तारा एकदम वाजवल्या असतील तर आणखी भर. या ठोक्यासाठी अँपमध्ये राखीव ताकद हवी. तिलाच हेडरूम म्हणतात. १० डेसिबलची राखीव हवी असेल तर दहापट वॅट लागतात. तुमचं नेहमीचं वाजवणं १० वॅटमध्ये भागत असेल, तरी अँप १०० चा हवा तो यासाठी. उरलेले ९० वॅट जोरात वाजवायला नसतात.

हलक्या अँपमध्ये एक आणखी गोष्ट असते, लिमिटर. ताकद संपत आली की तो आवाज दाबून धरतो, म्हणजे सर्किट आणि स्पीकर वाचतात. गिटारवर हे कळतही नाही. स्टीलवर मात्र पाय दाबतोय आणि स्वर फुलत नाही, असा अनुभव येतो. माझ्या त्या अँपमध्ये हेच चाललं होतं.

म्हणून दुकानात परीक्षा अशी घ्या. स्वतःचं स्टील न्या, स्वतःचं व्हॉल्यूम पेडल न्या, स्वतःची वायर न्या. दुकानदार नाखूश असेल तर दुसरं दुकान बघा. दुकानातल्या गिटारवर स्टीलचा अँप पारखता येत नाही, यावर मी कोणाचं काही ऐकून घेणार नाही. पेडल अर्ध्यावर ठेवून कार्यक्रमात लागेल तेवढा आवाज लावा, आणि मग अँपचा व्हॉल्यूम त्याहून थोडा वर न्या. तीन तारा एकदम छेडून आठ-दहा सेकंद पायानं धरा. स्वर सारखा राहतो की मध्येच श्वास कोंडल्यासारखा बसतो, ते ऐका. मग पाय पूर्ण खाली ठेवून सर्वांत जाड तार जोरात छेडा. त्यानंतर वरच्या पट्टीत, बाराव्या घराच्या पुढे, दोन तारांची जोडी वाजवा. दोन स्वरांच्या मागे तिसरा बेसूर, घरघरणारा स्वर ऐकू आला, तर तो अँप फाटतोय. शेवटी वीस मिनिटं वाजवत राहा आणि पहिली परीक्षा पुन्हा घ्या. तापल्यावर काही अँपांचं वागणं बदलतं.

फाटलंच, तर लगेच अँपला नापास करू नका. मास्टर व्हॉल्यूम अगदी कमी करून तसंच जोरात छेडा. तरीही फाटत असेल तर ताकद कमी पडलेली नाही, आत शिरतानाच सिग्नल जास्त होतोय. स्टीलच्या पिकअपवर (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागावर) तारेचे वेढे खूप असतात, त्यामुळे त्याचा सिग्नल गिटारपेक्षा तगडा असतो. ‘लो’ लिहिलेल्या इनपुटमध्ये पिन लावा किंवा गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल वाढवणारं बटण, खाली आणा, बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. मास्टर कमी केल्यावर आवाज स्वच्छ होत असेल, तर मात्र त्या अँपमध्ये दम नाही. तो परत ठेवा.

याच टप्प्यावरची दुसरी फसगत इनपुटची. आपलं पिकअप आणि आतमध्ये पोटेन्शिओमीटर (फिरवून आवाज कमी-जास्त करणारा भाग) असलेलं साधं व्हॉल्यूम पेडल, दोघांनाही पुढे साधारण १ मेगाओहमचं, म्हणजे सिग्नलवर भार न टाकणारं, इनपुट लागतं. कीबोर्डचे अँप आणि मिक्सरचे लाइन इनपुट याच्या कितीतरी खाली असतात. तिथे थेट पिन घातली की वरचा सगळा चमकदार भाग नाहीसा होतो आणि स्टील उशीखाली दाबल्यासारखं वाजतं. लोक मग ट्रेबल पूर्ण उघडतात आणि अँपला नावं ठेवतात. उपाय सोपा आहे: पेडल आणि अँप यांच्या मध्ये एक बफर लावा, म्हणजे सिग्नलवर भार न टाकता तो पुढे देणारा छोटा डबा. एवढं केलं तर कीबोर्डचा अँप स्टीलला फार छान जमतो, कारण तो स्वच्छ वाजण्यासाठीच बनवलेला असतो. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या माझ्या एका मित्राला मी हेच करून दिलं. नवा अँप घ्यायला निघालेला तो, फक्त बफर घेऊन घरी गेला.

टोनची बटणं: मिड, म्हणजे मधल्या स्वरांचं बटण, नसलेला अँप घेऊ नका. स्टीलचा नाकातला आवाज ८०० हर्ट्झच्या आसपास असतो, तो थोडा उतरवता आला पाहिजे. मिडची जागा फिरवता येणारं बटण असेल तर सोन्याहून पिवळं. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला येणारी घुमारी, हवाच.

पंखा असेल तर शांत खोलीत ऐकून बघा. मैफलीत आलापाच्या वेळी मागून येणारी घूं मला सहन होत नाही.

परदेशातून कुणी भाचा-पुतण्या अँप आणणार असेल, तर आधी मागच्या पट्टीचा फोटो मागवा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर निर्धास्त. फक्त १२० व्होल्ट असेल तर आपल्या २३० व्होल्टसाठी वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याचं वजन धरलं की हलक्या अँपचा हलकेपणा तिथेच संपतो. मंडपातल्या जनरेटरवर व्होल्टेज वरखाली होतं, तेव्हाही १००-२४० वाला अँप जास्त तग धरतो. आणि गुणगुण आली म्हणून अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक मंडपात हमखास भेटतात. त्यांना हात लावू देऊ नका. तुमच्या हातात तारांवर सरकवायचा लोखंडी बार असतो आणि बोटं तारांवर. त्यात जिवाचा धोका आहे.

दुरुस्तीचाही विचार आत्ताच करा. जुना ट्रान्सफॉर्मरवाला अँप कुठलाही जाणता कारागीर उघडून नीट करतो. क्लास डी अँपमधला बोर्ड बहुतेक वेळा सबंधच बदलावा लागतो, आणि तो मागवण्यात महिना जाऊ शकतो. म्हणून अधिकृत सर्व्हिस कुठे आहे ते विचारून घ्या आणि पिशवीत एक डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य थेट मिक्सरला जोडणारा डबा, कायम ठेवा. ऐन कार्यक्रमात अँप बंद पडला तर पिकअपच्या जोडणीसाठी बनवलेला ॲक्टिव्ह डीआय लावून थेट मिक्सरवर जाता येतं.

घरी आणल्यावर अँप जमिनीवर ठेवू नका. मागे खुर्चीवर, कानाच्या रोखानं ठेवा. जमिनीवरच्या अँपचा आवाज पोटऱ्यांवर जातो, स्वतःला ऐकू येत नाही म्हणून आपण तो वाढवतो, आणि इतक्या मेहनतीनं शोधलेली राखीव ताकद तिथे खर्च होते. हलका असल्यानं पायाच्या ठोक्यानं सरकतो, म्हणून खाली रबराची चटई घाला.

आणि जुना जड अँप लगेच विकू नका. नव्यावर निदान दोन पूर्ण कार्यक्रम करा, त्यातला एक उघड्या मंडपातला हवा. भिंती नसल्यावर आवाज किती उरतो ते दुकानात कधीच कळत नाही. माझा २८ किलोचा अजून माळ्याखाली आहे. गेल्या चार गणेशोत्सवांत तो बाहेर काढावा लागला नाही, या दिवाळीत विकणार आहे.